‘पोचेल ना?’ : ईव्हीवाल्यांची धाकधूक कमी करणारं ॲप बनवायचं असेल तर

मी राहतो ठाण्यात, वाघबीळला. नोकरी महापेला, ॲपचे स्क्रीन डिझाइन करायची. घरी ईव्ही आली आणि दुसऱ्याच महिन्यात आम्ही लोणावळ्याला निघालो. खालापूरच्या अलीकडे बघतो तर ३१ टक्के. फोनवर चार्जर अवघ्या ४०० मीटरवर दिसत होता. होताही तो, पण पलीकडे, पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या बाजूला. एक्स्प्रेस वेवर यू-टर्न कुठून घेणार? एसी बंद केला, काचा खाली केल्या. मागच्या सीटवर आई काहीतरी पुटपुटायला लागली, शेजारी बायको एकदम गप्प झाली. घाट चढून लोणावळ्यात शिरलो तेव्हा ११ टक्के उरले होते. म्हणजे तसं काहीच बिघडलं नव्हतं. पण तो पाऊण तास आमच्या घरात अजून निघतो.

त्यानंतर ऑफिसातल्या दोघांना घेऊन मी एक ॲप बनवलं. दीड वर्ष लागलं, त्यातलं निम्मं स्वतःच्या चुका निस्तरण्यात गेलं. तुम्ही असंच काही करायला बसला असाल, तर ते निम्मं वाचावं म्हणून हे लिहितोय. कोडिंग शिकवणार नाही. ते शिकवणारे पुष्कळ आहेत.

या भीतीला इंग्रजीत ‘रेंज अँग्झायटी’ म्हणतात. जनरल मोटर्सच्या ईव्ही-१ गाडीच्या काळात, १९९७ साली, हा शब्द अमेरिकेत छापून आला होता. म्हणजे भीती जुनीच आहे. आपल्याकडे तिचं मूळ मात्र बॅटरीत कमी आणि चार्जरवरच्या अविश्वासात जास्त आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आधी हे जमवा

- एक ईव्ही, किंवा महिनाभर कटकट सहन करेल असा ईव्हीवाला मित्र.
- एक वही. हसू नका, सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.
- स्क्रीन आखायला फिग्मा, ॲप बांधायला फ्लटर. दुसरं काही येत असेल तर ते वापरा, त्यानं फरक पडत नाही.
- नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप, त्यावर रस्ता काढायला व्हॅलहाला किंवा ओएसआरएम. दोन्ही फुकट, पण सर्व्हर स्वतःचा लागतो. ते झेपत नसेल तर गूगल किंवा मॅपल्सची सेवा घ्या. बिलाची मर्यादा मात्र पहिल्याच दिवशी घालून ठेवा.
- चार्जरच्या यादीसाठी ओपन चार्ज मॅपची ‘एपीआय की’, म्हणजे त्यांचा डेटा मागवायची किल्ली. डेटा वापरल्याचं श्रेय ॲपमध्ये द्यावं लागतं.
- रस्त्याच्या चढउतारासाठी एसआरटीएमचा उंचीचा डेटा.
- प्ले स्टोअरचं डेव्हलपर खातं, एकदाच २५ डॉलर. ॲपल हवं असेल तर दर वर्षी ९९ डॉलर. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा.
- गोपनीयता धोरणाचं पान. माणूस कुठून कुठे जातो ते तुम्ही साठवणार, म्हणजे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तुम्हालाही लक्षात घ्यावा लागेल.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं (बीईई) ‘ईव्ही यात्रा’ आणि महावितरणचं ‘पॉवरअप’ ही चार्जर शोधून देणारी दोन ॲप फोनमध्ये घालून आठवडाभर वापरा. जे आधीच आहे तेच पुन्हा बांधण्यात अर्थ नाही.

१. कोणाची धाकधूक, ते ठरवा

सगळ्या ईव्हीवाल्यांसाठी ॲप काढू, असं आम्हीही म्हटलं होतं. तसं करू नका. कोलशेतच्या टॉवरमध्ये ज्याच्या स्वतःच्या पार्किंगला चार्जर बसलाय, तो रोज सकाळी भरलेली गाडी काढतो. त्याला भीती वर्षातून चार वेळा वाटते, गावी जाताना. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये किंवा वाशीच्या सिडको वसाहतीत राहणाऱ्याकडे पार्किंगच नाही, मग चार्जर कुठला? त्याची भीती आठवड्याची. टॅक्सीवाल्याची रोजची आणि पैशांची, कारण तासभर चार्जरची गन (गाडीत लावायचा प्लग) लागायची वाट बघितली की एक भाडं गेलं. एपीएमसीतून माल उचलणाऱ्या तीनचाकी टेम्पोवाल्याचं गणित पुन्हा निराळं, त्याला ओझं मोजावं लागतं.

आम्ही पहिला आणि तिसरा निवडला. दोघांच्या गरजा इतक्या वेगळ्या निघाल्या की शेवटी ॲपमध्ये दोन मोड करावे लागले. आज सुरुवात केली असती तर एकच घेतला असता.

२. ‘भीती वाटते का’ असं विचारू नका

आपल्याकडे गाडी चालवणाऱ्या पुरुषाला हे विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘नाही हो, कसली भीती?’ तोच माणूस पाच मिनिटांनी सांगतो की चार्जिंग वाचवायला त्यानं मे महिन्यात पोरांना घामाघूम करत पनवेलहून ठाण्यापर्यंत आणलं.

म्हणून घडलेलं विचारा. शेवटचा एसी कधी बंद केलात? कुठलं भाडं नाकारलंत? कुठल्या नातेवाईकाकडे जायचं टाळलंत? चार्जरपाशी गेलात आणि परत फिरावं लागलं, असं कधी झालं? ही उत्तरं वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवा, कारण पुढे बटणांवर हेच शब्द लागणार आहेत. लोक ‘कनेक्टर’ म्हणत नाहीत, ‘गन’ म्हणतात. किलोवॅट-अवर कोणी म्हणत नाही, ‘युनिट’ म्हणतात, लाइट बिलावर असतं तेच. ‘स्टेट ऑफ चार्ज’ तर विसराच. ‘किती टक्के आहेत?’ हा सरळ प्रश्न आहे.

माजिवड्याच्या एका टपरीवर मी एका टॅक्सीवाल्या काकांना कागदावर काढलेले स्क्रीन दाखवत होतो. साताऱ्याकडचे होते. स्क्रीनवर मी मोठ्या हौसेनं सहा आकडे मांडले होते: उरलेले किलोमीटर, सरासरी वापर, बॅटरीचं तापमान वगैरे. काकांनी चहाचा ग्लास त्या कागदावरच ठेवला.

‘दादा, हे समदं मला नको. पोचणार का, तेवढं सांग. आन् पोचल्यावर गन मोकळी हाय का, ते सांग.’

‘आणि मोकळी नसली तर, काका?’

‘मग दुसरी कुठं हाय?’

आमच्या ॲपचा आराखडा एवढाच होता. कागदावर ग्लासाचा गोल डाग पडलेला, तो कागद मी अजून ठेवलाय.

३. किलोमीटर काढून टाका, पोचतानाचे टक्के दाखवा

गाडीच्या पडद्यावर ‘१८० किमी’ दिसतं, तो अंदाज गेल्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून काढलेला असतो. पाम बीच रोडवरून संथ आलात की तो फुगतो, घाट लागला की धडाधड कोसळतो. हा आकडा डोळ्यांदेखत पडताना पाहिला की माणूस घाबरतो. कंपनीच्या जाहिरातीतली रेंज तर प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीवर मोजलेली असते. तिच्यात तुमचा एसी नसतो आणि बोरघाटही नसतो.

म्हणून आम्ही ठरवलं: वापरणाऱ्यानं ठिकाण सांगायचं, ॲपनं ‘पोचताना साधारण १५ ते २२ टक्के उरतील’ एवढंच सांगायचं. एक आकडा देऊ नका, पट्टा द्या. नुसतं ‘१८’ म्हटलंत आणि १४ उरले, तर तुम्ही खोटे ठरलात. ‘१२ ते २०’ म्हटलंत तर त्याच १४ला तुम्ही खरे.

प्रवास संपला की ॲपनं स्वतःहून कबूल करावं: ‘आपण १५ ते २२ म्हटलं होतं, १३ उरले. अंदाज चुकला.’ हा स्क्रीन घालायला आमच्यातला एकजण तयार नव्हता, आपली चूक आपणच कशाला दाखवायची म्हणून. पण लोक ॲपवर विसंबायला लागले ते याच स्क्रीनमुळे.

४. हिशेब: घाट, एसी, वेग

इथे घाई करू नका. उदाहरणाला ३० युनिटची बॅटरी धरू, गाडी माणसांसकट १,६०० किलो. सपाट रस्त्यावर एसीशिवाय किलोमीटरला ०.१५ युनिट. ठाणे ते लोणावळा ८५ किलोमीटर धरले, तर पावणेतेरा युनिट, म्हणजे साधारण ४२ टक्के. नवशिक्याचं ॲप इथेच थांबतं.

आता घाट. पनवेल जवळपास समुद्रसपाटीला आहे, लोणावळा सहाशे मीटरच्या वर. १,६०० किलोची गाडी ६०० मीटर उचलायला निव्वळ २.६ युनिट लागतात. शाळेत शिकलेलं वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची, बाकी काही नाही. मोटरमधली गळती धरून २.९ म्हणू. ४२चे झाले ५२ टक्के. वर एसी तासाला दीड युनिट, प्रवास दोन तास, म्हणजे आणखी ३ युनिट. झाले ६२.

म्हणजे ८० टक्क्यांवर निघालेल्याला भोळं ॲप सांगणार ‘३८ उरतील’ आणि प्रत्यक्षात उरणार १८. ही वीस टक्क्यांची तफावत म्हणजेच धाकधूक.

वेगाचंही तसंच. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८०चे १०० केलेत की तो दीडपटीहून जास्त होतो. ‘९०ऐवजी ८०नं चला, ४ टक्के जास्त उरतील’ असं सांगणारी एक ओळ घाला. चालकाच्या हातात काहीतरी उपाय राहतो, आणि उपाय हातात असलेला माणूस कमी घाबरतो. आपल्या ईव्हींना २०२५च्या राज्य धोरणानुसार एक्स्प्रेस वे, अटल सेतू आणि समृद्धीवर टोलमाफी मिळाली, त्यामुळे जुन्या हायवेनं जायचं कारण उरलं नाही असं लोकांना वाटतं. चार्जिंग टेकीला आलं असेल तर साठ-सत्तरनं चालणारा जुना हायवे अजून उपयोगी आहे. ॲपनं तो सुचवायला हवा.

ट्रॅफिकबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. घोडबंदर रोडवर गायमुखच्या अलीकडे तासभर अडकलात, तर ईव्हीची मोटर उभ्या गाडीत जवळपास काहीच खात नाही, खातो तो एसी. दीड युनिट, म्हणजे ५ टक्के. पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्याला हे पटत नाही. आम्ही वाहतूक कोंडी दिसली की ॲपमध्ये लिहितो: ‘तासभर अडकलात तरी साधारण ५ टक्केच जातील.’ या एका वाक्यासाठी मला फोन करून धन्यवाद देणारे लोक आहेत.

परदेशी लेख वाचाल तर थंडीत रेंज किती घटते यावर पानंच्या पानं. ठाण्यात ती काळजी सोडा. आपल्याकडे बघायचं ते उन्हात तापलेली गाडी गार करायला पहिल्या पंधरा मिनिटांत एसी किती ओढतो ते, आणि पावसाळ्यात पाण्यानं भरलेला रस्ता.

सापळे:

- बोगदा. एसआरटीएमचा डेटा फेब्रुवारी २०००मध्ये अंतराळयानातून रडारनं घेतलेला आहे. त्याला डोंगराचा माथा दिसतो, डोंगराच्या पोटातला रस्ता दिसत नाही. आमचं ॲप एक्स्प्रेस वेवरच्या भाताण बोगद्यात शिरलं की गाडी डोंगर चढून पलीकडे उतरली असं धरायचं आणि टक्के कापायचं. महिनाभर आम्ही बॅटरीच्या गणिताला दोष देत होतो. नकाशात जिथे बोगदा किंवा पूल अशी खूण आहे, तिथे मधली उंची टाकून द्या आणि दोन टोकं सरळ जोडा.
- उतारावरची परतफेड. उतरताना बॅटरी भरते, पण चढताना गेलेलं सगळं परत येत नाही. आम्ही ६० टक्के धरतो. आणि लोणावळ्यातच १०० टक्के भरून निघालात, तर भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घ्यायला जागाच नसते. वरचा घाटभर ब्रेक झिजतात आणि परतफेड बुडते. ‘उतरायचंय, ९०लाच थांबा’ हे ॲपनं सांगावं.
- एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे गाडीला स्वतःचे टक्के नेमके ओळखता येत नाहीत. बरेच दिवस ३० ते ७०मध्येच खेळवली असेल तर दाखवलेले टक्के सरकतात. शेवटचं १०० कधी केलं ते विचारा आणि जुनं असेल तर पट्टा रुंद करा.

५. चार्जरची यादी पायी फिरून तपासा

ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शहरात दर तीन बाय तीन किलोमीटरच्या चौकोनात एक आणि हायवेला दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक चार्जिंग स्टेशन अपेक्षित होतं. नकाशावर ठिपके बघितले तर ठाणे-नवी मुंबईत तेवढे दिसतीलही. ठिपका म्हणजे चालू चार्जर नव्हे, हे कळायला प्रत्यक्ष जावं लागतं. आम्ही दोन महिन्यांचे शनिवार-रविवार घालवून ठाण्यापासून पनवेलपर्यंत एकेक ठिकाण बघितलं.

ताई एकदा सोबत होती. रात्री साडेदहाला एका इमारतीच्या दुसऱ्या तळघरात आम्ही गन शोधत होतो. फोनला नेटवर्क नाही, त्यामुळे चार्जर सुरू करायचा ओटीपी येईना. मी मोबाइल उंच धरून रॅम्पवर फेऱ्या मारत होतो. ताई गाडीतून उतरलीच नाही. परत निघताना म्हणाली, ‘तुझ्या ॲपमध्ये लाइट आहे का आणि वॉचमन असतो का, ते लिही. मी एकटी असते तर हा चार्जर माझ्यासाठी नसल्यातच जमा.’ तिघा पुरुषांच्या यादीत हा रकाना नव्हता. आता तो सगळ्यात वर आहे.

प्रत्येक चार्जरसाठी हे टिपून घ्या:

- गन कुठली. गाड्यांना सीसीएस टू लागते. जुन्या ठिकाणी ‘भारत डीसी ००१’चे १५ किलोवॅटचे चार्जर उभे असतात, त्यांची गन तुमच्या गाडीत बसणार नाही. दुचाकीचं गणित वेगळंच.
- किती किलोवॅट, आणि दोन गाड्या एकदम लावल्या की वीज वाटली जाते का.
- गेट कधी बंद होतं, पार्किंगचे पैसे वेगळे का.
- तळघर असेल तर नेटवर्क, उघड्यावर असेल तर पावसात छप्पर.
- पैसे कसे: यूपीआय चालतं की आधी त्यांच्या ॲपच्या वॉलेटमध्ये भरावे लागतात.
- उजेड, वॉचमन, स्वच्छतागृह.
- रस्त्याची कुठली बाजू. खालापूरची माझी फजिती आठवा. ‘सरळ रेषेत जवळचा’ चार्जर कधीही दाखवू नका, गाडीला प्रत्यक्ष जितकं अंतर कापावं लागेल ते मोजा. एक्स्प्रेस वेवर तर दिशा वेगळी नोंदवाच. घोडबंदर रोडवरही चुकलेला यू-टर्न दोन-तीन किलोमीटरला पडतो.

चार्जर मोकळा आहे की नाही, ही ताजी माहिती चार्जर चालवणाऱ्या कंपनीकडूनच मिळते. चार्जर आणि कंपनीचा सर्व्हर एकमेकांशी ओसीपीपी नावाच्या भाषेत बोलतात. कंपनीकडून तुमच्यापर्यंत माहिती यायची वाट म्हणजे ओसीपीआय. करार करावा लागतो, छोट्यांना लगेच कोणी दारात उभं करत नाही. चिकाटी ठेवा, आधी स्थानिक लहान ऑपरेटरकडे जा. आणि करार झाला तरी एक लक्षात असू द्या: सर्व्हर म्हणतो ‘मोकळा’, याचा अर्थ गन हुकवर आहे, इतकाच. समोर कोणीतरी पेट्रोलची गाडी लावून जेवायला गेलेला असू शकतो, हे चार्जरला कळत नाही. ते माणसंच सांगू शकतात. म्हणून आम्ही एका बोटात होईल अशी नोंद ठेवली: ‘चालू होता’, ‘बंद होता’, ‘गाडी आडवी होती’. प्रत्येक माहितीसोबत ती किती जुनी, तेही दाखवतो. ‘१२ मिनिटांपूर्वी चालू’ आणि ‘९ दिवसांपूर्वी चालू’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

६. दुसरी गन कुठं आहे

टपरीवरच्या काकांचा तिसरा प्रश्न. एखादा चार्जर सुचवण्याआधी ॲपनं तपासावं: तो बंद निघाला, तर तिथे उरलेल्या टक्क्यांत पुढचा गाठता येईल का? येत नसेल तर तो चार्जर सुचवूच नका, किंवा ‘याला पर्याय नाही’ असं स्पष्ट लिहा. पोचताना २० टक्के उरतील आणि पुढचा चार्जर ८ टक्क्यांवर असेल, तर माणूस निवांत असतो. पोचताना ३० उरणार, पण पुढे घाट आहे आणि चार्जर वरच आहे, तर नाही.

दुसरं, सूचना वेळेत द्या. घाटाच्या पायथ्याला ‘चार्जिंग कमी आहे’ म्हणून काय उपयोग? तेव्हा बाहेर पडायचे फाटे मागे राहिलेले असतात. आम्ही प्रत्येक मार्गावर ‘निर्णयाच्या जागा’ ठरवल्या. लोणावळ्याच्या वाटेवर कळंबोली ही पहिली, मग शेडुंग, शेवटी खालापूर. अंदाज धोक्याचा असेल तर ॲप कळंबोलीच्या चार किलोमीटर आधी बोलतं. नाशिकच्या बाजूला कसारा घाटासाठी हीच जागा शहापूर.

गन व्यापलेली असेल तर किती वेळ थांबावं लागेल तेही सांगा. ८०च्या पुढे चार्जिंगचा वेग मंदावतो. समोरची गाडी ८५वर आहे म्हणजे आता निघेलच, असं धरू नका. १०० करूनच हलणारे महाभाग प्रत्येक चार्जरवर भेटतात.

७. स्क्रीन आणि आवाज

गाडी चालू असताना स्क्रीनवर तीनच गोष्टी: पोचताना किती उरतील, पुढचा चार्जर, त्याच्यापुढचा चार्जर. टाइप करायला काहीही नको.

लाल रंग जपून वापरा. आमच्या पहिल्या आवृत्तीत २० टक्क्यांखाली पूर्ण स्क्रीन लाल होऊन लुकलुकायचा. एका टॅक्सीवाल्यानं तो दिसताच भर दुपारी एसी बंद केला, मागच्या गिऱ्हाईकानं तक्रार केली आणि त्याचं रेटिंग गेलं. घर ३ किलोमीटरवर असताना १८ टक्के म्हणजे चैन आहे. लाल रंग टक्क्यांवर ठरवू नका, पोचणार की नाही यावर ठरवा.

आवाज मराठीत ठेवता येतो, फोनमध्ये सोय असते. पण आकडे पाचाच्या पटीत गोल करून बोलायला लावा. एकोणसत्तर की एकोणऐंशी, हा गोंधळ आपल्या पुढच्या पिढीचा शांत घरात बसूनही होतो, चालत्या गाडीत तर विचारूच नका.

८. टक्के ॲपपर्यंत आणायचे कसे

गाडीच्या कंपन्या बाहेरच्या ॲपला बॅटरीची माहिती सहजी देत नाहीत. ओबीडी पोर्टला (मेकॅनिक गाडी तपासायला वापरतात तो सॉकेट) ब्लूटूथ डोंगल लावून ती वाचता येते, पण प्रत्येक गाडीची सांकेतिक भाषा वेगळी. डोंगल लावून गाडी दोन आठवडे उभी ठेवलीत तर छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरू शकते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. वॉरंटीचं कलमही वाचून घ्या. सुरुवातीला निघताना टक्के विचारणारी एक सरकपट्टी पुरते. आमच्याकडे अजून बहुतेक लोक तीच वापरतात.

९. रस्त्यावर घासून बघा

तीन मार्ग पुरेसे: ठाणे-बेलापूर रस्त्यानं ठाणे ते बेलापूर (सपाट), संध्याकाळचा घोडबंदर (कोंडी), कळंबोली ते लोणावळा आणि परत (घाट). प्रत्येक मार्ग एसी लावून, न लावता, एकट्यानं आणि चौघांनी. वहीतली एक ओळ अशी दिसते:

‘कळंबोली–लोणावळा, पाऊस, चौघं, एसी २४ वर, निघताना ७६, पोचताना ४३, ॲपचा अंदाज ४१ ते ४८.’

पाच-सात किलोमीटरच्या फेरीवरून निष्कर्ष काढू नका. गाडी टक्के पूर्णांकात दाखवते; ३० युनिटच्या बॅटरीत एक टक्का म्हणजे दोन किलोमीटर. छोट्या फेरीत ही चूकच उत्तर गिळून टाकते. निदान २५ किलोमीटर चालवा. आणि चाचणीला शेजारी कोणीतरी बसवा, चालवत वहीत लिहू नका. मी लिहिलंय, म्हणून सांगतोय.

१०. स्टोअरवर चढवताना

‘ॲप बंद असतानाही लोकेशन’ ही परवानगी मागितलीत की गूगल वेगळा फॉर्म आणि व्हिडिओ मागतं, तरीही नाकारू शकतं. बहुतेक कामं ‘वापरात असताना’च्या परवानगीत होतात. जुने प्रवास फोनमध्येच ठेवा, सर्व्हरवर फक्त टक्क्यांचे आकडे पाठवा. मग गोपनीयता धोरणही चार ओळींत आटपतं, आणि टॅक्सीवाल्याला ‘मालकाला कळेल का?’ ही शंकाही राहत नाही.

नवं वैयक्तिक खातं असेल तर प्ले स्टोअरची आणखी एक अट आहे: किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सामील राहायला हवं, त्याशिवाय सगळ्यांसाठी प्रकाशित करायचा अर्जच करता येत नाही. आम्ही सोसायटीच्या ग्रुपवरून बरोबर बारा गोळा केले. अकराव्या दिवशी एका काकांनी फोनमध्ये जागा नाही म्हणून ॲप काढलं आणि चाचणीतूनही बाहेर पडले. पुन्हा पहिल्यापासून मोजणी. तुम्ही सोळा-सतरा जण घ्या, आणि त्यांतले निदान चार तरी खरोखर ईव्ही चालवणारे बघा.